एल्मिराची एकवीस दारे : खटल्याच्या वाटेवर वळलेले एक प्रकरण

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात किचनर शहराजवळ एल्मिरा नावाचे लहानसे गाव आहे. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची वस्ती तिथे कित्येक पिढ्यांपासून आहे. मे १९७४ मधल्या एका रात्री या गावातले १८ आणि १९ वर्षांचे दोन तरुण दारूच्या नशेत बाहेर पडले आणि सकाळ व्हायच्या आत त्यांनी बावीस जणांच्या मालमत्तेची नासधूस करून ठेवली. मोटारींचे टायर फाडले, खिडक्यांच्या काचा फोडल्या, एका घरासमोरची बोट उलटी पाडली. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यापैकी कोणाशी त्यांचे वैर नव्हते, चोरी करण्याचा हेतू नव्हता आणि कोणाच्या अंगाला धक्काही लागला नाही. पोलिसांच्या दप्तरी अशी प्रकरणे दर आठवड्याला जमा होतात आणि वर्षभराने ती कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. हे मात्र राहिले. पुनर्स्थापनात्मक न्यायाचा, म्हणजे गुन्हेगाराने नुकसान झालेल्याला सामोरे जाऊन ते भरून काढण्यावर भर देणाऱ्या विचाराचा, आधुनिक इतिहास लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण एल्मिरापासून सुरुवात करतो, आणि गुन्हेगाराला फौजदारी व्यवस्थेच्या बाहेर वळवण्याच्या, म्हणजे डायव्हर्जनच्या, चर्चेतही हेच प्रकरण पहिले उदाहरण म्हणून पुढे केले जाते.

यातल्या दुसऱ्या दाव्याबद्दल मला आक्षेप आहे. तो कशासाठी, हे प्रकरणाच्या तपशिलातूनच कळेल, म्हणून आधी घडले ते क्रमाने सांगतो.

प्रकरण न्यायालयात

दोघांनीही न्यायालयात बावीसच्या बावीस आरोप मान्य केले. त्या काळी ऑन्टारिओत बालगुन्हेगारीविषयीचा १९०८ सालचा कायदा सोळा वर्षांच्या आतल्यांनाच लागू होत असे, त्यामुळे हे दोघे कायद्याच्या दृष्टीने पूर्ण प्रौढ होते आणि त्यांना बालन्यायालयाच्या सवलतींपैकी एकही मिळण्यासारखी नव्हती. गुन्हा कबूल झाल्यावर वादाचा मुद्दा उरत नाही, उरतो तो फक्त शिक्षेचा प्रश्न. त्यासाठी न्यायाधीशांनी शिक्षापूर्व अहवाल मागवला आणि तो तयार करण्याचे काम किचनरच्या परिवीक्षा (तुरुंगाऐवजी अटींवर, देखरेखीखाली सोडणे) विभागातले अधिकारी मार्क यांत्झी यांच्याकडे आले.

शिक्षापूर्व अहवालाचा साचा ठरलेला असतो. आरोपीची घरची परिस्थिती, शिक्षण, नोकरी, व्यसन, पूर्वीचे गुन्हे, वागणूक सुधारण्याची शक्यता आणि शेवटी एक शिफारस, असे त्याचे स्वरूप असते. सगळा अहवाल गुन्हा करणाऱ्याभोवती फिरतो आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूस त्यात एखाद्या आकड्यापुरता येतो. यांत्झी आणि मेनोनाइट सेंट्रल कमिटी या संस्थेत काम करणारे डेव्ह वर्थ हे दोघे गुन्ह्यांना मिळणाऱ्या त्याच त्या ठरीव प्रतिसादाला कंटाळलेले होते, आणि त्यांच्या बोलण्यातून एक साधी कल्पना निघाली : या दोन मुलांनी ज्यांचे नुकसान केले त्यांच्या समोर जाऊन उभे राहावे. यांत्झी यांनी ती न्यायाधीशांपुढे मांडण्याचे ठरवले. आपण असे काही सुचवले तर व्यवहारज्ञान नसलेला अधिकारी म्हणून आपली किंमत कमी होईल, याची त्यांना धास्ती होती, कारण कायद्यात अशा भेटीला आधार नव्हता. परिवीक्षेच्या आदेशात प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई करण्याची अट घालता येत असे. घरोघरी जाऊन माणसांना भेटण्याविषयी कायदा काहीच बोलत नव्हता.

न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल यांना ही सूचना प्रथम शक्यतेतली वाटली नाही. तरीही शिक्षेच्या दिवशी त्यांनी शिक्षा सुनावण्याऐवजी प्रकरण महिनाभर पुढे ढकलले आणि या मुदतीत दोघांनी नुकसान झालेल्यांना भेटून प्रत्येकाची हानी किती ते ठरवून यावे, असे सांगितले. हा तहकुबीचा आदेश हेच या प्रकरणाचे खरे वळण आहे. त्याने कोणालाही सोडले नाही आणि कोणालाही शिक्षा केली नाही. एरवी रिकामा जाणारा एक महिना त्याने कामाला लावला, एवढेच.

दारावर

यांत्झी आणि वर्थ या दोघा तरुणांना घेऊन एकेका घरी गेले. पद्धत अगदी ओबडधोबड होती. तरुणांनी दार ठोठवायचे, आपण कोण आणि काय केले ते स्वतःच सांगायचे, आणि दोघे मोठे हातात वही घेऊन थोडे मागे उभे राहायचे. बावीसपैकी एक जण गाव सोडून गेला होता. उरलेल्या एकवीस जणांना ते भेटले. प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या. कोणी संतापले, कोणी माफ केले. गावात राहणाऱ्या माणसाच्या मनात अशा रात्रीनंतर एक प्रश्न घर करून बसतो : माझेच दार का? मला कोणी हेरून ठेवले आहे का? तुमचे घर आम्ही मुद्दाम निवडले नव्हते, ते वाटेत होते, हे उत्तर फक्त नासधूस करणाराच देऊ शकतो, आणि ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही. सरकारी वकिलाचे भाषण कितीही प्रभावी असले तरी ते हे काम करू शकत नाही. त्या दोघांपैकी एकाने बऱ्याच वर्षांनंतर जाहीरपणे सांगितले की ही दारे ठोठावणे हा आयुष्यातल्या सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक अनुभव होता.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. एकूण नुकसान सुमारे २,२०० डॉलर भरले. त्यातली जवळजवळ निम्मी रक्कम लोकांना विम्यातून मिळालेली होती, म्हणजे खिशाला खरी झळ सुमारे १,१०० डॉलरची होती. ऑगस्ट १९७४ मध्ये न्यायाधीशांनी प्रत्येकाला २०० डॉलर दंड आणि अठरा महिन्यांची परिवीक्षा दिली, आणि परिवीक्षेची अट म्हणून प्रत्येकाने ५५० डॉलरपर्यंत भरपाई करावी, असा आदेश दिला. ५५० आणि ५५० मिळून ११००. भरपाईचा आकडा आकाशातून पडला नव्हता, तो दारोदार फिरून जमवलेल्या वहीतून आला होता. आणि विमा कंपन्यांनी दिलेले पैसे परत करण्याचे ओझे या मुलांवर टाकलेले नव्हते. काही महिन्यांतच दोघांनी पुन्हा तीच घरे गाठून पैसे चुकते केले.

पुन्हा तीच घरे, ही बाब या प्रकरणाच्या बहुतेक कथनांत ओझरती येऊन जाते. पहिल्या भेटीत माणूस कबुली देतो. दुसऱ्या भेटीत तो शब्द पाळून आलेला असतो. भरपाई न्यायालयाच्या खिडकीवर जमा करून तिथून धनादेश टपालाने पाठवला असता तर रक्कम तीच राहिली असती, पण घरमालकाच्या मनातली त्या मुलांची प्रतिमा त्या मे महिन्याच्या रात्रीवरच अडकून राहिली असती.

हे डायव्हर्जन होते का?

डायव्हर्जन म्हणजे खटल्याच्या सरळ वाटेवरून प्रकरण बाजूला वळवणे. ही वाट साधारण तीन ठिकाणी सोडता येते. पहिले ठिकाण पोलिसांचे : समज देऊन सोडून देणे हा त्याचा सर्वांत जुना आणि सर्वत्र चालणारा प्रकार, फक्त पूर्वी त्याला नाव नव्हते. दुसरे सरकारी वकिलांचे : पुरावा असूनही काही अटींवर आरोप पुढे न चालवणे. तिसरे न्यायालयाचे, दोषसिद्धीची नोंद होण्यापूर्वी. तिन्ही ठिकाणी हेतू एकच असतो, की माणसाच्या नावापुढे गुन्हेगार हा शब्द कायमचा चिकटू नये. या हेतूमागे समाजशास्त्रातली एक जुनी मांडणी आहे. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन असा भेद केला : पहिली चूक कोणत्याही कारणाने होते, पण समाजाने तिच्यावर मारलेला शिक्का माणूस स्वतःची ओळख म्हणून स्वीकारतो तेव्हा पुढच्या चुका त्या शिक्क्यातून जन्माला येतात. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हाच धागा पुढे नेला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने १९६७ मध्ये किरकोळ गुन्ह्यांतल्या मुलांना न्यायालयाऐवजी स्थानिक युवासेवा केंद्रांकडे पाठवण्याची शिफारस केली, आणि कॅनडाच्या विधी सुधारणा आयोगाने एल्मिराच्या पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, डायव्हर्जनवर स्वतंत्र कार्यपत्रिका काढली. हवा सगळीकडून एकाच दिशेने वाहत होती.

या कसोटीवर एल्मिराचे प्रकरण घासून पाहिले तर ते टिकत नाही. दोघांवर आरोप ठेवले गेले, दोघे दोषी ठरले, दंड झाला, दीड वर्षाची परिवीक्षा झाली. शिक्का टळला नाही. वाटेवरची एकही पायरी गाळली गेली नाही. उलट एक पायरी वाढली. म्हणून मी म्हणतो की हे प्रकरण खटला वळवल्याचे नाही, खटल्याच्या आतच वळण काढल्याचे आहे. हा भेद शब्दच्छल वाटू शकतो, पण धोरण आखणाऱ्यासाठी तो निर्णायक आहे. एल्मिरात जे साधले ते न्यायालय टाळल्यामुळे साधले, असा समज करून घेतला तर न्यायालय टाळले की आपोआप तेच साधेल, असे वाटू लागते. प्रत्यक्षात ते साधले एकवीस दारांमुळे, आणि ती दारे उघडली जाण्यामागे न्यायाधीशाच्या आदेशाचे वजन होते.

हे वजन दोन्ही बाजूंनी तपासले पाहिजे. शिक्षा टांगणीवर असताना न्यायाधीशाने सुचवलेल्या भेटीला नकार देण्याचे स्वातंत्र्य त्या दोघांना कितपत होते? कागदोपत्री ते असेलही. व्यवहारात नव्हतेच म्हणा. पश्चात्ताप आणि धाक यांची सरमिसळ इथे अटळ होती, आणि त्या दारांवर दिलेल्या कबुलीत खरेपणा किती होता हे भेटीच्या क्षणी कोणालाही सांगता आले नसते. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. ज्यांच्या दारावर टकटक झाली त्यांची तयारी कोणी करून घेतलेली नव्हती. रात्रीच्या अंधारात आपली काच फोडणारे दोन धडधाकट तरुण, सोबत आणखी दोन अनोळखी पुरुष, असे चौघे एखाद्या एकट्या वृद्ध व्यक्तीच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहतात, हे चित्र जरा त्या व्यक्तीच्या बाजूने डोळ्यांसमोर आणून पाहावे. आजच्या कोणत्याही जबाबदार मध्यस्थी कार्यक्रमात असे चालवून घेतले जाणार नाही. मध्यस्थ आधी दोन्ही पक्षांना वेगवेगळे भेटतो, नुकसान झालेल्याची संमती घेतो, भेट कुठे आणि कोणासोबत व्हावी हे त्याला ठरवू देतो, आणि नको म्हणण्याचा त्याचा हक्क अबाधित ठेवतो. एल्मिरात हे काहीच झाले नाही. तरीही निभावले, याचे बरेचसे श्रेय त्या लहान गावाला आणि थोडेसे नशिबालाही द्यावे लागेल.

प्रकरणाची अनुकूल बाजूही मान्य केली पाहिजे. गुन्ह्याची कबुली होती, त्यामुळे घडले की नाही घडले यावर वाद नव्हता. नुकसान मोजता येण्यासारखे होते. इजा कोणालाच झालेली नव्हती. देणारे आणि घेणारे एकाच गावातले होते, त्यामुळे घर शोधण्याचा प्रश्न नव्हता आणि पुढेही रस्त्यात समोरासमोर येणे चुकणार नव्हते. यातली एक जरी गोष्ट बदलली, म्हणजे आरोप नाकारला गेला असता, कोणाला दुखापत झाली असती, किंवा दोन्ही पक्षांमध्ये एकाने दुसऱ्याला दाबून ठेवल्याचे जुने नाते असते, तर ही वहीची पद्धत कोलमडली असती. घरातल्या मारहाणीसारख्या प्रकरणांत अशा भेटीचा आग्रह धरणे म्हणजे मार खाणाऱ्याला पुन्हा त्याच दबावाखाली बसवणे होऊ शकते, हा इशारा नंतरच्या अभ्यासकांनी वारंवार दिला तो याच कारणाने.

नंतरची वाट

एल्मिरातल्या अनुभवावरून किचनरमध्ये पीडित आणि गुन्हेगार यांच्यात समेट घडवणारा प्रकल्प उभा राहिला. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील एल्कहार्ट इथे त्याच धर्तीवर काम सुरू झाले आणि पुनर्स्थापनात्मक न्यायाचे अभ्यासक हॉवर्ड झेर यांचे नाव त्याच्याशी जोडले गेले. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये मांडले की भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि वकील व शासन ती त्यांच्याकडून हिरावून घेतात. एल्मिराला नसलेली तात्त्विक बैठक या मांडणीने त्याला मागाहून मिळाली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कौटुंबिक परिषदेची पद्धत आणली आणि मुलांच्या गुन्ह्यांत कुटुंब, पीडित आणि पोलीस यांना एकत्र बसवले. संयुक्त राष्ट्रांच्या बालन्यायविषयक १९८५ च्या बीजिंग नियमांतील अकराव्या नियमाने डायव्हर्जनला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली, आणि १९८९ च्या बालहक्क संहितेच्या चाळिसाव्या अनुच्छेदाने मुलांच्या बाबतीत शक्य तिथे न्यायालयीन कार्यवाही टाळण्याची अपेक्षा व्यक्त केली, मात्र मानवी हक्क आणि कायदेशीर संरक्षण पूर्णपणे पाळले जावे, अशी अट घालूनच.

कॅनडात १९८४ पासून लागू झालेल्या तरुण गुन्हेगारांच्या कायद्याने पर्यायी उपायांची, म्हणजे खटल्याऐवजी वापरायच्या कार्यक्रमांची, तरतूद केली. इथे एक गमतीशीर विसंगती आहे. ज्या ऑन्टारिओत एल्मिरा आहे, त्याच प्रांताने या तरतुदीखालचे कार्यक्रम सुरू करायला बराच काळ टाळाटाळ केली. अशा कार्यक्रमाचा लाभ इतर प्रांतांत मिळतो आणि इथे मिळत नाही म्हणून भेदभाव होतो, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९० मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की असे कार्यक्रम आखणे प्रांतांवर बंधनकारक नाही. म्हणजे जगभर ज्या गावाचे नाव घेतले जात होते, त्या गावातल्या मुलालाच काही काळ त्या कल्पनेचा कायदेशीर लाभ मिळण्याची शाश्वती नव्हती.

प्रौढांसाठी दंडसंहितेत पर्यायी उपायांचे कलम १९९६ मध्ये आले. मुलांसाठी २००३ पासून नवा कायदा लागू झाला आणि त्याने न्यायालयाबाहेरच्या उपायांना केंद्रस्थानी आणले. आरोप ठेवण्यापूर्वी पोलिसाने काहीच न करणे, समज देणे, ताकीद देणे किंवा एखाद्या कार्यक्रमाकडे पाठवणे यांपैकी काही पुरेसे आहे का, याचा विचार केलाच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. आणि पहिल्यांदाच अहिंसक गुन्हा करणाऱ्यासाठी असे उपाय पुरेसे आहेत, असे तो गृहीतच धरतो. पोलिसाने हा विचार केला नाही म्हणून पुढचा आरोप मात्र रद्द होत नाही. कर्तव्य आहे, ते न पाळण्याचा परिणाम नाही, असा हा नेहमीचा सरकारी समतोल आहे. तरीही बदल मोठा झाला : हा कायदा आल्यानंतर पोलिसांच्या नजरेस आलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांवर औपचारिक आरोप न ठेवण्याकडे कल गेला.

तेच प्रकरण, आजच्या कायद्यात

आता हेच प्रकरण सतरा वर्षांच्या दोन मुलांचे आहे आणि ते आज एल्मिरात घडले आहे, असे धरून चालू. त्यांच्या नावावर आधीचा गुन्हा नाही. कायद्याचे गृहीतक त्यांच्या बाजूने आहे. पोलीस अधिकारी मनावर घेईल तर दोघांना ताकीद देऊन, पालकांना बोलावून, प्रकरण तिथेच संपवू शकतो, आणि कायद्याच्या शब्दांत त्यात काही चुकीचे नसेल. शिक्का टळला. पण त्या रात्रीची बावीस कुटुंबे? नुकसान झालेल्याने विचारणा केली तर मुलाची ओळख आणि प्रकरणाचा निकाल त्याला कळवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती औपचारिक न्यायबाह्य निर्बंध, म्हणजे न्यायालयाबाहेर मुलाच्या संमतीने घातलेल्या अटी, लावले गेले तर. नुसत्या ताकिदीला ती लागू नाही. माझेच दार का, या प्रश्नाचे उत्तर ताकिदीच्या कागदात नसते.

बावीस ठिकाणी नासधूस ही काही एका काचेची गोष्ट नव्हे, म्हणून अधिकारी प्रकरण वरच्या पायरीवर, न्यायबाह्य निर्बंधांकडे पाठवण्याची शक्यता अधिक. इथे कायद्याने कुंपणे नीट घातली आहेत आणि ती एल्मिराहून निश्चितच चांगली आहेत. मुलाने कृत्याची जबाबदारी स्वीकारलेली हवी, त्याची संमती हवी, वकिलाचा सल्ला घेण्याची संधी त्याला मिळालेली हवी, आणि खटला चालवण्याइतका पुरावा हाती हवा. त्याने गुन्हा नाकारला किंवा न्यायालयातच जायचे म्हटले, तर निर्बंध लावता येत नाहीत. या प्रक्रियेत त्याने दिलेली कबुली पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. ही शेवटची तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती नसेल तर खरे बोलणाऱ्यालाच शिक्षा होते. एल्मिरातल्या दोघांना अशा संरक्षणाची गरज पडली नाही, कारण ते आधीच दोषी ठरलेले होते.

निर्बंध काय असावेत, हा प्रश्न मात्र कार्यक्रम चालवणाऱ्यावर सोडलेला असतो. ठरावीक तासांची समाजसेवा, एक निबंध, माफीचे पत्र, व्यसनमुक्तीचे सत्र असा तयार मेनू बहुतेक ठिकाणी असतो, कारण तो राबवायला सोपा असतो. एकवीस दारांची व्यवस्था करायला एका माणसाचे कित्येक दिवस लागतात. माफीच्या पत्राला अर्धा तास पुरतो, आणि ते पत्र अनेकदा ज्याला लिहिले त्याच्यापर्यंत पोचतही नाही. प्रकरणे वाढत जातात, कर्मचारी तेवढेच राहतात, आणि मग वळवलेल्या वाटेवरही खटल्यासारखीच रांग लागते. डायव्हर्जनची खरी कसोटी इथे आहे, असे माझे मत आहे : न्यायालय वजा केल्यावर त्या जागी काय ठेवले?

आकडे काय सांगतात तेही पाहू. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी यादृच्छिक विभागणीवर, म्हणजे कोणाला कोणत्या गटात घालायचे हे नशिबावर सोडण्यावर, आधारलेले २९ प्रयोग एकत्र तपासले. मुलांना औपचारिक प्रक्रियेतून नेल्याने पुढचे गुन्हे कमी झाल्याचे दिसले नाही, एकंदर कल ते वाढण्याकडेच होता. नुसते सोडून देण्याशी तुलना केली तेव्हा फरक कमी होता, तर सोडून त्याबरोबर काही सेवा किंवा कार्यक्रम देण्याशी तुलना केली तेव्हा औपचारिक प्रक्रियेचे पारडे अधिक हलके पडले. म्हणजे वजाबाकीपेक्षा जागी ठेवलेल्या गोष्टीला महत्त्व आहे, हे एल्मिरावरून जाणवते ते इथे मोजमापातही दिसते. पीडित आणि गुन्हेगार यांच्या भेटींवर कॅनडातल्या लॅटिमर, डाउडन आणि म्यूझ यांनी २००५ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणातही समाधान, भरपाईची पूर्तता आणि पुनर्गुन्हा या तिन्हींत चांगले निष्कर्ष मिळाले. परंतु या भेटींना मुळात तयार होणारी माणसेच वेगळी असतात, त्यामुळे श्रेय पद्धतीला किती आणि माणसांना किती हे सांगणे कठीण, अशी पुस्ती त्यांनीच जोडली. ती पुस्ती उद्धृत करणारे लेख कमी आढळतात.

उलट दिशेचा धोका समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन यांनी १९७९ मध्येच दाखवला होता. खटल्याबाहेरची वाट रुंद आणि सोपी झाली की पूर्वी ज्यांना पोलिसाने नुसते रागावून घरी पाठवले असते तेही त्या वाटेवर ढकलले जातात. जाळे रुंदावते आणि त्याची भोकेही बारीक होतात. एल्मिरासारखे बावीस आरोपांचे प्रकरण या धोक्यापासून दूर आहे, कारण ते असेही न्यायालयात जाणारच होते. पण त्याच गावात एकच खिडकी फोडणारे मूल असेल, तर त्याला समुपदेशनाची सहा सत्रे आणि तीस तासांची सेवा लावणे म्हणजे त्याला व्यवस्थेबाहेर काढणे नव्हे, आत ओढणे होय. आणि या अटी अर्धवट राहिल्या तर प्रकरण पुन्हा न्यायालयात परततेच, या वेळी अटी मोडल्याच्या शेऱ्यासह. कोणाला वळवायचे यापेक्षा कोणाला नुसतेच सोडायचे, हा निर्णय अधिक अवघड असतो.

त्या दोघांपैकी एकाचे पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे, कारण त्याने स्वतःच ते जाहीरपणे सांगितले. अडीच दशकांहून अधिक काळ लोटल्यावर तो मोठ्या वयात महाविद्यालयात शिकायला गेला, तिथे वर्गात एल्मिरा प्रकरणाची माहिती ऐकली, आणि जगभर शिकवले जाणारे हे प्रकरण आपलेच आहे हे त्याला तेव्हा प्रथम कळले. पुढे तो त्याच परिसरातल्या मध्यस्थी संस्थेत स्वयंसेवक झाला. ही हकिगत इतकी देखणी आहे की ती पुरावा म्हणून वापरण्याचा मोह होतो, आणि तो टाळलेलाच बरा. एका माणसाच्या आयुष्यावरून पद्धतीचे मोजमाप होत नाही. माझे लक्ष त्या हकिगतीतल्या दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. इतकी वर्षे त्याला प्रकरणाची कीर्ती ठाऊक नव्हती. ज्या प्रयोगाने एवढी चर्चा उभी केली, त्यातल्या मुख्य माणसाकडे कोणी परत जाऊन विचारले नव्हते, आणि दार उघडणाऱ्या एकवीस जणांकडेही असे परत जाणे झाल्याचे कोणत्याही प्रचलित कथनात येत नाही.